खिशातल्या कॅमेऱ्याला आलेली शिसारी

मी एक जुना कॅमेरा आहे. कोटाच्या खिशात मावेन एवढाच. रंग काळा, कोपरे झिजून करडे पडलेले, आणि स्वभाव पहिल्यापासून सोवळा. मला पटकन किळस येते, मित्रांनो. घामट बोटं, तेलकट गाल, भिंगावर सोडलेला ओला श्वास, यांतलं काहीएक मला सोसवत नाही. तुम्ही म्हणाल, काय हे नखरे! असू देत. धुळीची आणि घामाची किळस फडक्याने पुसली की जाते. एक किळस मात्र अजून माझ्या अंगाला चिकटून आहे. तिचीच ही गोष्ट.

माझा जन्म झाला तो कारखाना फार स्वच्छ होता. माझी जोडणी करणाऱ्या बायका डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत, नुसते डोळे दिसत. आत येण्याआधी त्यांच्यावर वाऱ्याचा झोत सोडत. कुणाला शिंक येतेय असं वाटलं तर ती तोंड दाबून बाहेर पळे. माझं भिंग चिमट्याने उचलून बसवलं गेलं. बसवणारीने ते दिव्यासमोर फिरवून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "बाहेर गेल्यावर याला पहिलं बोट लागेल ना, तेव्हा बघ काय होतं याचं!" दोघी हसल्या. मला नाही हसू आलं.

पहिलं बोट लागलं ते दुकानदाराचं. त्याला बारमाही सर्दी. एका हाताने नाक पुसायचा आणि त्याच हाताने आम्हाला काचेच्या कपाटातून उचलून गिऱ्हाइकापुढे ठेवायचा. गिऱ्हाइकंही तसलीच. कुणी माझ्या भिंगावर अंगठा दाबून विचारायचा, "फोटो धुरकट का येतोय हो?" मी कपाटाच्या कोपऱ्यात बसून नाक मुरडायचो.

एके दुपारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, सडसडीत, पायांत जाड तळव्यांचे बूट. त्या दवाखान्यात क्ष-किरणाचे फोटो काढायचं काम करत. दिवसभर अंधाऱ्या खोलीत माणसांची हाडं टिपायची आणि सुट्टी मिळाली की नदीकाठ, टेकड्या, माळरान पायी हिंडायचं, हा त्यांचा शिरस्ता. पुढे त्यांच्या घरी गेल्यावर मी त्यांना मावशीच म्हणू लागलो, कारण घरात येणारा त्यांचा भाचा तेच म्हणायचा. तेव्हा इथेही मावशीच म्हणतो.

दुकानदाराने त्यांच्यापुढे एक अवजड धूड ठेवलं. "हा घ्या बाई. लांबचं सगळं जवळ दिसतं. शिवाय गळ्यात शोभून दिसतो."

"हा गळ्यात घेऊन मी टेकडी चढायची, की याला टेकडी चढवायची?" मावशी म्हणाल्या. "खिशात मावणारा दाखवा."

मग त्यांनी आमची जी परीक्षा घेतली, तशी कुणी कधी घेतली नव्हती. एकेकाला खिशात घालून त्या वाकल्या, उकिडव्या बसल्या, उभ्या राहिल्या. एका हाताने चालू होतो का पाहिलं, कारण दुसऱ्या हातात काठी असणार. हातमोजा घालून बटण दाबता येतं का पाहिलं. मग मला उचलून सरळ दाराकडे निघाल्या.

"अहो, अहो, बाहेर नेऊ नका!" दुकानदार मागे धावला.

"का? मी काय हा घरात बसून वापरणार आहे?"

भर उन्हात उभं राहून त्यांनी माझ्या पाठीवरचा पडदा पाहिला. उन्हात पडद्यावर काय दिसणार, नुसतं त्यांचंच तोंड. मग त्यांनी माझ्या कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीला डोळा लावला आणि खूश झाल्या. बाजूच्या काही कॅमेऱ्यांना ती खिडकीच नव्हती. त्यांनी समोरच्या छपरावरचं कबुतर जवळ आणून पाहिलं, मग संपूर्ण रस्ता एका चौकटीत बसतो का तेही पाहिलं. पावसाचे चार थेंब सोसेल का, थंडीत बॅटरी किती टिकते, जास्तीची बॅटरी मिळते का, हे विचारलं. दुकानदार पिक्सेलचे आकडे सांगायला लागला तेव्हा त्यांनी हात वर केला. "आकडे राहू द्या. ढगाळ संध्याकाळी झाडाखालचं रानफूल नीट येईल का, ते सांगा."

"येईल. याच्या आतला प्रकाश टिपणारा तुकडा या मापाच्या बाकीच्यांपेक्षा मोठा आहे."

"मग हाच द्या. आणि एक मऊ फडकं द्या. तुमची बोटं फार आहेत त्याच्यावर."

मित्रांनो, त्या क्षणी मी मावशींच्या प्रेमातच पडलो.

माझी चांगली वर्षं ती. मावशी मला कोटाच्या आतल्या खिशात ठेवत. त्या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही, हा नियम. परत आल्या की आधी हात धुणार, मग फुंकणीने माझ्यावरची धूळ उडवणार, मग भिंग पुसणार, आणि शेवटी स्वतःचे बूट काढणार. आम्ही दगडांवरची शेवाळं टिपली, काटेरी तारेत अडकलेली लोकर टिपली, ओढ्यात एका पायावर उभे असलेले बगळे टिपले. दवाखान्यातली सवय मावशींच्या तोंडातून जात नसे. बगळ्यासमोरही त्या हळूच म्हणायच्या, "श्वास घ्या... रोखा..." आणि बटण दाबून झालं की, "सोडा." बगळा कुठला ऐकतोय! पण मावशी स्वतः मात्र श्वास रोखून धरत, म्हणून माझे फोटो कधी हलले नाहीत.

पक्षी अस्वस्थ झाला, मान ताठ करून बघू लागला, की त्या आणखी पुढे जात नसत. "त्याला आपण नको आहोत," असं म्हणून मला बंद करत आणि आल्या वाटेने परत फिरत. असे कितीतरी फोटो राहून गेले. मला त्याचं काही वाटायचं नाही. झाकण मिटून खिशातल्या उबेत बसायला मला आवडायचं.

मग मावशींचा गुडघा बिघडला. आधी टेकड्या सुटल्या, मग नदी सुटली, मग जिना. शस्त्रक्रिया झाली. मी कपाटात गेलो.

मावशींची धाकटी बहीण त्याच गल्लीत राहायची. रोज डबा घेऊन यायची, ताईच्या पायाला शेक द्यायची, वेणी घालायची, बडबड करायची. जीव होता तिचा ताईवर. तिला एकच मुलगा. विम्याच्या कचेरीत नोकरीला, आणि अंगात हौस भारी. आई त्याला लाडाने राजा म्हणायची, म्हणून सगळी गल्ली त्याला राजा म्हणायची.

एक दिवस बहीण म्हणाली, "ताई, राजाला निसर्गाच्या फोटोंच्या स्पर्धेत भाग घ्यायचाय. तुझा कॅमेरा नुसता पडूनच आहे ना गं?"

मावशींनी मला कपाटातून काढलं, हातात धरून जरा वेळ पाहिलं आणि भाच्याला दिलं. "जप त्याला. आणि ज्याचा फोटो काढशील, त्यालाही जप."

"हो गं मावशी, मी काय लहान आहे?"

जिना उतरताच राजाने माझ्या भिंगावर थुंकी लावली आणि शर्टाच्या टोकाने खसाखसा पुसली. शी! मग मला पँटच्या खिशात कोंबलं. त्या खिशात किल्ल्या होत्या, नाणी होती, आणि कधीतरी अर्धी चघळून कागदात परत गुंडाळलेली खोकल्याची गोळी होती. गोळी वितळून माझ्या पोटाला चिकटली. तिच्यावर कापसाचे तंतू, वाळू आणि एक मेलेली मुंगी. मी मनात म्हटलं, यापेक्षा घाण काही असूच शकत नाही.

मला काय ठाऊक होतं!

पहिल्या रविवारी तळ्यावर गेलो. बदकं पाण्यावर शांत बसली होती. राजाला ती उडताना हवी होती. त्याने दगड उचलले आणि एकामागून एक भिरकावले. बदकं फडफडत, ओरडत उठली. तो खटाखट बटण दाबत राहिला. एक दगड पाण्यात पडला नाही. त्याचा आवाज वेगळा आला. ते बदक उडालं, पण वेडंवाकडं. राजाने पडद्यावर फोटो पाहिला आणि म्हणाला, "छे, हललाय."

पुढच्या आठवड्यात त्याने एक हिरवा बेडूक पकडला. बेडूक उड्या मारायचा थांबेना, म्हणून त्याला डब्यात घालून घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं. थंडीने तो गारठून गप्प बसेल आणि मग पानावर ठेवून फोटो काढता येईल, अशी त्याची युक्ती. संध्याकाळी आईने दही समजून डबा उघडला आणि किंचाळली.

"अरे मेल्या, माझ्या फ्रिजमध्ये बेडूक? शी शी शी! मला उलटी होईल!" तिने सगळा फ्रिज पुसून काढला, तो डबा फेकून दिला, हात तीन-तीनदा धुतले.

मी टेबलावर होतो. बेडूक ओट्यावर पडलेला मला दिसत होता. पाय पोटाशी घेतलेले, डोळे उघडे, अंगातली हालचाल संपलेली. तो मला जराही किळसवाणा वाटला नाही. ओल्या पानासारखा स्वच्छ होता तो. मला किळस आली ती त्याला चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकणाऱ्या राजाच्या हाताची, कारण दुसऱ्या मिनिटाला तोच हात माझ्यावर आला.

मग ते घरटं आलं.

गावाबाहेरच्या माळावर एका काटेरी झुडपात बुलबुलाने घरटं केलं होतं. चहाच्या कपाएवढं. आत तीन पिल्लं, उघडी, पंखांच्या जागी नुसती निळसर खुंटं. आईबाप आळीपाळीने अळ्या आणत होते. पुढच्या फांद्यांच्या दाट जाळीमुळे बाहेरून काही दिसत नव्हतं. बुलबुलांनी ती जागा निवडली होती ती त्यासाठीच. राजाने खिशातून कात्री काढली. समोरच्या फांद्या कापल्या, वरच्या वाकवून मोडल्या, आडवी आलेली एक डहाळी दोऱ्याने मागे ओढून बांधली. घरटं उघडं पडलं. वरून दुपारचं ऊन थेट पिल्लांवर उतरलं.

दोन्ही पक्षी बाजूच्या झुडपावर बसून जिवाच्या आकांताने ओरडत होते. राजा हातभर अंतरावर मला धरून बसला. पिल्लांनी चोची वासल्या होत्या. तो खूश होऊन पुटपुटत होता, "वा, काय तोंडं उघडलीत!" मी त्याच्याहून जवळ होतो, मित्रांनो. ती तोंडं भुकेने उघडलेली नव्हती. पिल्लं धापा टाकत होती. माझ्या भिंगाला झाकण आहे, पण ते उघडायचं की मिटायचं हे माझ्या हातात नाही. मी बघत राहिलो.

बऱ्याच वेळाने पिल्लांच्या आईला राहवलं नाही. ती चोचीत हिरवी अळी घेऊन घरट्याच्या काठावर आली. राजाने बटण दाबलं. तो फोटो खरोखर सुंदर आला. तेच तर ओंगळ होतं. दगड मारून काढलेला फोटो हलला होता, हा मात्र असा आला, की बघणाऱ्याने हात जोडावेत.

राजा गेला, तो दोरा न सोडताच. दुसऱ्या दिवशी आणखी चांगला फोटो मिळतो का बघायला परत आला. घरट्यात हालचाल नव्हती. लाल मुंग्यांची रांग झुडपाच्या बुंध्यापासून वर चढत होती आणि घरट्याच्या काठावरून आत उतरत होती. त्याने आत डोकावलं, तोंड वाकडं केलं, "ईऽऽ" म्हणून मागे सरला आणि हात पँटला पुसले.

"जाऊ दे. आपलं काम कालच झालं," तो म्हणाला.

त्याला किळस आली होती, मित्रांनो! मुंग्यांची! मला त्या वेळी उलटी करता आली असती, तर मी आत साठवलेले त्याचे सगळे फोटो त्याच्या बुटांवर ओकून टाकले असते.

त्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. 'आईची माया' असं नाव दिलं होतं. शहराच्या वाचनालयातल्या मोठ्या खोलीत प्रदर्शन भरलं. बहीण ताईकडे मिठाईचा पुडा घेऊन आली. मागोमाग राजा आला आणि मला टेबलावर ठेवून त्याने फोटोची प्रत मावशींच्या मांडीवर ठेवली. मावशी आता काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून फोटो पाहिला.

"छान आलाय," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "एवढं उघड्यावर कसं रे घरटं? समोर फांद्या नव्हत्या?"

"होत्या की. कापल्या. त्याशिवाय दिसणार कसं?" राजा सहज म्हणाला. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

"आणि पिल्लं?"

"उडून गेली असतील."

"याच्यात तर पंखही दिसत नाहीत. तू परत गेला होतास?"

राजाने मिठाईचा तुकडा तोंडात टाकला. "मुंग्या लागल्या होत्या गं. निसर्गात असं चालायचंच."

मावशींनी हातातला तुकडा बशीत परत ठेवला. "उद्या जा आणि तो फोटो मागे घे. सांग त्यांना, कसा काढला ते."

बहीण उसळली. "ताई! एका पाखरासाठी तू माझ्या मुलाचं नाक कापणार? त्याचं कुणी पहिल्यांदाच कौतुक केलंय. तुला मूल नाही ना, तुला काय कळणार आईचं काळीज!"

 मावशींचं तोंड पांढरं पडलं होतं. बहिणीलाही आपण काय बोललो ते कळलं, पण शब्द निघून गेला होता. ती राजाला घेऊन तरातरा जिना उतरली. दुसऱ्या दिवशी डबा आला नाही.

मावशींनी कापसाच्या बोळ्याने माझ्या पोटावरची चिकट घाण काढली आणि माझी दोरी मनगटात अडकवली. काठी टेकत, कठड्याला धरत त्या जिना उतरल्या. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच. प्रदर्शनाच्या आयोजकांना भेटल्या. चकचकीत बुटांचे, गोड बोलणारे गृहस्थ ते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या भावना समजतात मला. पण फांदी कापू नये असं आमच्या नियमांत कुठेच नाही. आणि लोकांना फोटो फार आवडलाय हो."

"ठीक आहे," मावशी म्हणाल्या. "एक खुर्ची मिळेल का? गुडघा दुखतो माझा."

खुर्ची मिळाली. मावशींनी ती ओढत नेऊन 'आईची माया'च्या शेजारी ठेवली आणि बसल्या. लोक येत. "अय्या, कित्ती गोड!" म्हणत. मावशी शांतपणे सांगत, "यांतली तिन्ही मेली. फोटो काढायला वरची सावली कापली होती." आवाज चढवत नव्हत्या, रडत नव्हत्या. एखाद्याला त्याच्या मोडलेल्या हाडाचा फोटो द्यावा तसं सांगत. कुणी चेहरा पाडून पुढे सरके, कुणी म्हणे, "काय बाई आहे ही! मजा घालवली." एकाने तर हसत विचारलं, "मग आम्ही काय करायचं?" आयोजक येऊन कानाशी लागले. मावशी म्हणाल्या, "मी कुठे आरडाओरडा करतेय? विचारतील त्यांना सांगतेय." कुणी विचारत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशीही त्या जाऊन बसल्या. दुपारी बहीण आली. रागाने लाल. "चल घरी! सगळ्या गावात शोभा चाललीय आमची." ती ताईच्या दंडाला धरणार, एवढ्यात एक छोटी मुलगी फोटोसमोर येऊन उभी राहिली. मावशींनी तिलाही तेच सांगितलं, जरा हळू आवाजात.

मुलीने फोटोतल्या पक्षिणीकडे पाहिलं. "मग ती पुन्हा अळी घेऊन आली असेल, तेव्हा?"

 मावशींनी मनगटावरची माझी दोरी घट्ट धरली.

उत्तर दिलं ते बहिणीने. "आली असणार गं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मध्येच फुटला. "किती तरी वेळा आली असणार. आणि कुणीच तोंड उघडलं नसणार."

मुलगी आपल्या बाबांकडे पळाली. बहीण तशीच उभी राहिली. मग कोपऱ्यातली एक खुर्ची ओढून आणली आणि ताईशेजारी बसली. पुढचा माणूस "किती सुंदर!" म्हणाला, तेव्हा मावशींच्या आधी तीच बोलली, "माझ्या मुलाने काढलाय. पण कसा काढला ते ऐका."

संध्याकाळी राजा मित्रांना घेऊन फोटो दाखवायला आला. फोटोच्या एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला आई.  आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेत जे होतं ते मी ओळखलं, कारण तेच इतके दिवस मी एकट्याने सोसत होतो. राजाचे कान लाल झाले. मित्र खाली बघू लागले. त्याने पुढे होऊन फोटो खिळ्यावरून काढला, उलटा करून काखेत मारला आणि निघून गेला.

तो सुधारला का, असं विचाराल. मला माहीत नाही. मावशींशी तो वर्षभर बोलला नाही. पुढे त्याने स्वतःचा मोठा कॅमेरा घेतला आणि आता तो विकायच्या गाड्यांचे फोटो काढतो म्हणे. बरं आहे. गाड्यांना पिल्लं नसतात. बहिणीचा डबा मात्र दुसऱ्याच दिवशी पुन्हा सुरू झाला, आणि हल्ली दोघी मिळून सपाट वाटेने फिरायला जातात.

मीही म्हातारा झालोय. भिंग बाहेर येताना कण्हतं, त्याच्या कड्यात राजाच्या खिशातली वाळू अजून आहे. नवीन कॅमेरे माझ्याहून किती तरी हुशार झालेत. तुम्ही कधी प्रवासासाठी त्यांतला एखादा निवडाल, तेव्हा हलका घ्या, उन्हात नेऊन बघा, पावसाचं विचारा, सगळं करा. त्याची निगा राखा. पण मित्रांनो, आम्हाला जिथे धराल तिथे आम्हाला बघावंच लागतं, एवढं ध्यानात ठेवा. समोरचा जीव घाबरला, तर मागे फिरा. फोटो राहिला तर राहिला. झुडपात पिल्लं आहेत आणि ती सावलीत आहेत, एवढं तुम्हाला माहीत असलं की पुरे.